चुंबकीय दिशाज्ञान : न पटणाऱ्या एका कल्पनेची वाटचाल

पावसाळा सरत आला की आपल्याकडे ओढ्याकाठी, तळ्याकाठी धोबी पक्षी दिसू लागतात. उत्तरेकडून, काही तर हिमालयाच्याही पलीकडून ते येतात, हिवाळा इथे काढतात आणि उन्हाळ्याच्या तोंडी परत जातात. स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांना वाट कशी सापडते, हा प्रश्न वर्गात कोणी ना कोणी विचारतेच. "पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे," असे एका वाक्यात उत्तर देऊन आपण पुढच्या धड्याकडे वळतो.

अनेक पक्ष्यांच्या बाबतीत हे उत्तर बरोबर आहे. पण ते एवढ्या सहजपणे सांगितले की त्यामागची हकीकत हरवते. ही कल्पना प्रथम मांडली गेली १८५५ साली. तिला प्रयोगाचा भक्कम आधार मिळायला शंभराहून अधिक वर्षे लागली. मधल्या काळात ती अनेकदा हसण्यावारी नेली गेली, आणि त्यालाही सबळ कारणे होती. या हकीकतीत दोन प्रश्न गुंतलेले आहेत. सजीवांना पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र जाणवते का, हा पहिला. जाणवत असेल तर कोणत्या इंद्रियाने, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर आपल्या हाती आले आहे. दुसऱ्याचा शोध चालू आहे. एखादी गोष्ट 'माहीत झाली' असे विज्ञानात कधी म्हणायचे, हे समजून घ्यायला यापेक्षा चांगले उदाहरण क्वचितच मिळेल.

आगमनाच्या तारखांचा नकाशा

पृथ्वी स्वतःच एक मोठा चुंबक आहे, हे विल्यम गिल्बर्ट यांनी १६०० साली सांगितले. खलाशी तर त्याच्या कितीतरी आधीपासून होकायंत्र वापरत होते. माणसाने यंत्राने साधले ते पक्ष्याला उपजतच मिळाले असेल का, ही शंका कोणाला तरी येणारच होती. ती नीट मांडली अलेक्झांडर फॉन मिडेनडॉर्फ यांनी. १८४० च्या दशकात सैबेरियाचा खडतर प्रवास केलेला हा निसर्गशास्त्रज्ञ. रशियातील निरनिराळ्या गावी वसंत ऋतूत कोणता पक्षी कोणत्या तारखेला प्रथम दिसला, याच्या नोंदी त्यांनी गोळा केल्या. समान तापमानाची ठिकाणे जोडून आपण नकाशावर समताप रेषा काढतो. त्याच रीतीने त्यांनी समान आगमन-दिनांकाची ठिकाणे जोडली. या रेषांना काटकोनात जाणारी दिशा म्हणजे पक्ष्यांच्या प्रवासाची दिशा. ती त्यांना उत्तर सैबेरियाकडे झुकलेली दिसली, आणि तिचा संबंध त्यांनी चुंबकीय ध्रुवाशी जोडला. पक्ष्याला आतूनच चुंबकीय जाणीव असावी, असा त्यांचा तर्क होता.

१८८२ साली कामीय व्हिग्ये या फ्रेंच शास्त्रज्ञाने याच्या पुढचे पाऊल टाकले. ते समजण्यासाठी एक उजळणी करू. कोणत्याही ठिकाणच्या चुंबकीय क्षेत्राचे वर्णन तीन गोष्टींनी होते. पहिली म्हणजे क्षेत्राची तीव्रता. दुसरी दिक्पात, म्हणजे होकायंत्राची उत्तर आणि भौगोलिक उत्तर यांमधील कोन. तिसरी नतिकोन, म्हणजे क्षेत्राची दिशा क्षितिजापासून किती खाली झुकली आहे तो कोन. या तिन्ही राशी ठिकाणागणिक बदलतात. तेव्हा ज्याला त्या जाणवतात त्याला दिशाच काय, आपण कुठे आहोत हेही कळू शकेल, असे व्हिग्ये यांनी सुचवले. त्यासाठीचे इंद्रियही त्यांनी सांगून टाकले : आंतरकर्णातील अर्धवर्तुळाकार नलिका.

दोन्ही कल्पना बुद्धिमान होत्या, पण दोघांपाशीही प्रयोग नव्हता. नकाशावरच्या रेषा आणि चुंबकीय ध्रुव यांची दिशा जुळते म्हणून एकामुळे दुसरे घडते, असे सिद्ध होत नाही. वसंतात उत्तरेकडे जाणारा पक्षी सूर्य, वारा, नद्या, डोंगर अशा कितीतरी गोष्टींशी जुळणारी दिशा धरत असतो. त्यामुळे ही कल्पना पुस्तकांत नोंदली गेली आणि तिथेच राहिली.

पंखांवरचे चुंबक

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात संदेश पोचवण्यासाठी अमेरिकी सैन्याकडे कबुतरे होती. पेनसिल्व्हेनियातील भौतिकशास्त्रज्ञ हेन्री येगली यांनी कबुतरांच्या पंखांवर लहान चुंबक बसवून ती लांब नेऊन सोडली. तुलनेसाठी काही कबुतरांच्या पंखांवर चुंबकीय नसलेले तांब्याचे तुकडे बसवले. चुंबक वाहणारी कबुतरे परतण्यात कमी पडली, असे त्यांनी १९४७ साली प्रसिद्ध केले. या निष्कर्षावर त्यांनी एक मोठा सिद्धान्त उभारला. चुंबकीय क्षेत्राचा उभा घटक आणि पृथ्वीच्या परिवलनाचा परिणाम, या दोहोंतून कबुतराच्या मनात जणू आलेखाचा कागद तयार होतो, असा तो सिद्धान्त. त्यांच्या गणिताप्रमाणे पेनसिल्व्हेनियातील घराशी जुळणारी जागा दूर नेब्रास्कात होती. म्हणून पेनसिल्व्हेनियाची कबुतरे नेब्रास्कात नेऊन सोडण्याचाही खटाटोप झाला.

इतरांनी हे प्रयोग पुन्हा केले, तेव्हा चुंबकांचा परिणाम दिसेना. सिद्धान्तही कसोटीला उतरला नाही. याचा एक दुष्परिणाम झाला. सिद्धान्ताबरोबर मूळ कल्पनेचीही पत गेली.

त्याच सुमारास दुसरीकडे लखलखीत यश मिळत होते. जर्मनीत गुस्ताव्ह क्रामर यांनी स्टार्लिंग पक्ष्यांवर प्रयोग करून दाखवले, की हे पक्षी सूर्यावरून दिशा ओळखतात, आणि दिवसभरात सूर्य सरकतो त्याचा हिशेबही ठेवतात. फ्रान्झ साउअर यांनी वटवट्या कुळातील पक्षी तारांगणात नेऊन ताऱ्यांवरून दिशा ओळखता येते असे सांगितले. सूर्य आणि तारे पक्ष्याच्या डोळ्यांना दिसतात. मग न दिसणाऱ्या चुंबकीय क्षेत्राची गरजच काय?

भौतिकशास्त्रज्ञांचा आक्षेप आणखी मूलभूत होता. पृथ्वीचे क्षेत्र फार क्षीण आहे, सुमारे २५ ते ६५ मायक्रोटेस्ला. शाळेतल्या साध्या पट्टीचुंबकाच्या टोकाजवळचे क्षेत्रही याच्या शेकडो पटींनी मोठे असते. शरीरातील रेणू उष्णतेमुळे सतत हलत, आपटत असतात. एका इलेक्ट्रॉनच्या चुंबकत्वावर पृथ्वीच्या क्षेत्राचा जो परिणाम होतो, त्याची ऊर्जा या औष्णिक ऊर्जेच्या जवळजवळ एक कोटीव्या भागाइतकी असते. जत्रेच्या गोंगाटात टाचणी पडल्याचा आवाज ऐकू यावा तसा हा प्रकार. हा आक्षेप लक्षात ठेवू, कारण पुढे दोनदा त्याच्याशी गाठ पडणार आहे.

फ्रँकफुर्टच्या खोलीतील रॉबिन

स्थलांतराचा हंगाम आला की पिंजऱ्यातले पक्षीही रात्री तगमग करतात. ते फडफडतात, उड्या मारतात, आणि या उड्या बऱ्याच प्रमाणात ज्या दिशेला जायचे त्याच दिशेला असतात. ही तगमग शास्त्रज्ञांच्या फार उपयोगी पडली, कारण पक्ष्याच्या मागे शेकडो मैल न धावता त्याची इच्छित दिशा खोलीत बसून मोजता येऊ लागली. फ्रँकफुर्ट येथे फ्रीड्रिख मेर्केल आणि हान्स फ्रोमे युरोपीय रॉबिन या चिमण्या पक्ष्याचा अभ्यास करत होते. १९५८ साली त्यांनी सांगितले, की आकाश अजिबात न दिसणाऱ्या बंद खोलीतही रॉबिन योग्य दिशा धरतात. सूर्य नाही, तारे नाहीत. पोलादी भिंतींच्या कक्षात ठेवल्यावर मात्र दिशा नाहीशी झाली. पोलाद काहीतरी अडवत होते.

हॉलंडमध्ये पेर्डेक यांनी बंद खोलीतला प्रयोग करून पाहिला. त्यांना दिशा दिसली नाही, आणि पुन्हा शंकेचे वातावरण पसरले. मेर्केल यांचे विद्यार्थी वोल्फगांग विल्टश्को यांनी मग नेमका प्रयोग रचला. पिंजऱ्याभोवती तारेची मोठी वेटोळी उभी केली. तिच्यातून वीजप्रवाह सोडला की आतल्या चुंबकीय क्षेत्राची दिशा हवी तशी वळवता येते. तीव्रता आणि नतिकोन तसेच ठेवून चुंबकीय उत्तर फक्त पूर्वेच्या बाजूला फिरवली. खोली तीच, पिंजरा तोच, बदलले फक्त क्षेत्र. रॉबिनच्या उड्यांची दिशाही त्याबरोबर फिरली. १९६५ ते १९६८ या काळात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मिडेनडॉर्फच्या तर्काला एकशे दहा वर्षांनी प्रयोग मिळाला.

खरे आश्चर्य पुढेच होते. १९७२ साली वोल्फगांग आणि रोस्विथा विल्टश्को या पतिपत्नींनी दाखवले, की रॉबिनचे होकायंत्र आपल्या होकायंत्रासारखे नाही. आपली सुई उत्तर आणि दक्षिण ध्रुवांत भेद करते. रॉबिनला तो भेद कळत नाही. त्याला कळतो तो क्षेत्राचा झुकाव. क्षेत्राचा आडवा घटक तसाच ठेवून फक्त उभा घटक उलटा केला, तर पक्षी उलट दिशेला तोंड करतो. आडवा आणि उभा असे दोन्ही घटक एकदम उलटे केले, तर त्याला काहीच फरक पडत नाही. क्षेत्र पूर्ण आडवे केले, तर तो गोंधळतो. म्हणजे रॉबिनच्या लेखी 'उत्तर' आणि 'दक्षिण' नसतात, 'ध्रुवाकडे' आणि 'विषुववृत्ताकडे' असतात.

वर्गात हा झुकाव सहज दाखवता येतो. स्वेटर विणण्याची पोलादी सुई घ्या. मधोमध दोरा बांधून ती अगदी आडवी राहील अशी टांगा, आणि दोरा सरकू नये म्हणून तिथे थेंबभर डिंक लावा. आता गाठ न हलवता सुईवरून चुंबकाचे एकच टोक एकाच दिशेने वीस-पंचवीस वेळा फिरवा. सुई पुन्हा टांगली की ती उत्तर-दक्षिण होईलच, शिवाय तिचे उत्तरेचे टोक खाली झुकलेले दिसेल. नतिकोनाचे अचूक माप यातून मिळणार नाही, कारण दोऱ्याची गाठ थोडी अडसर करते, पण झुकाव नजरेला पडेल. फ्रँकफुर्टला नतिकोन सुमारे ६६ अंश आहे. आपल्या कोकण किनाऱ्यावर तो त्याच्या निम्म्याहूनही कमी आहे, आणि भारताच्या दक्षिण टोकाजवळून चुंबकीय विषुववृत्त जाते, तिथे तो जवळपास शून्य होतो.

विल्टश्कोंच्या निष्कर्षांवर लगेच विश्वास बसला असे मात्र नाही. एका रात्रीत एका पक्ष्याच्या उड्या सगळीकडे विखुरलेल्या असत. अनेक रात्रींची सरासरी काढल्यावर दिशा दिसे. अमेरिकेत स्टीफन एमलेन साशंक होते. पक्ष्यांची दिशा नोंदण्याचे त्यांचे साधन गमतीचे होते : टीपकागदाचे नरसाळे आणि तळाशी शाईची गादी. पक्षी उडी मारतो, पायांना लागलेली शाई कागदावर उमटते, आणि सकाळी दिशा वाचता येते. इंडिगो बंटिंग या पक्ष्यावरील त्यांच्या आधीच्या प्रयोगांत चुंबकीय दिशाज्ञान आढळले नव्हते. पुढे एमलेन आणि विल्टश्को यांनी एकत्र येऊन प्रयोग केले, आणि १९७६ साली एमलेन यांच्याच पक्ष्यांत ते आढळल्याचे दोघांनी मिळून प्रसिद्ध केले. साशंक माणसाने प्रयोगात भागीदार व्हावे, हा मतभेद मिटवण्याचा उत्तम मार्ग होय.

ढगाळ दिवसाची कसोटी

येगली यांच्या कबुतरांचे कोडे अजून शिल्लक होते. ते कॉर्नेल विद्यापीठातील विल्यम कीटन यांनी हाती घेतले. त्यांचा युक्तिवाद साधा होता. उन्हाच्या दिवशी कबुतराला सूर्य दिसतो, त्यामुळे चुंबक लावून त्याचे काहीच बिघडणार नाही. ज्याच्याकडे दोन घड्याळे आहेत त्याचे एक बंद पाडून काय होणार? कसोटी घ्यायची तर सूर्य पूर्ण झाकलेला असताना. त्यांनी काही कबुतरांच्या पाठीवर लहान चुंबकपट्टी आणि काहींच्या पाठीवर तेवढ्याच वजनाची पितळेची पट्टी चिकटवली. ढगाळ दिवशी पितळवाली कबुतरे घराच्या दिशेने गेली, चुंबकवाली वाट्टेल त्या दिशांना विखुरली. हे १९७१ साली प्रसिद्ध झाले. १९७४ साली चार्ल्स वॉलकॉट आणि रॉबर्ट ग्रीन यांनी कबुतरांच्या डोक्यावर तारेची इवलीशी वेटोळी बसवली. प्रवाहाची दिशा बदलली की ढगाळ दिवशी काही कबुतरे घराच्या बरोबर उलट दिशेला उडत.

याला एक पुरवणी आहे, आणि ती सांगितली पाहिजे. कीटन यांचे १९८० साली अकाली निधन झाले. त्यांनी नंतर केलेल्या पण प्रसिद्ध न झालेल्या प्रयोगांच्या नोंदी ब्रूस मूर यांनी तपासून १९८८ साली मांडल्या. त्या प्रयोगांत चुंबकपट्टीचा तो ठळक परिणाम पुन्हा दिसला नव्हता. कबुतरांचा प्रश्न रॉबिनइतका स्वच्छ सुटलेला नाही, तो यामुळेच.

चिखलातली सुई

आतापर्यंत पक्ष्यांची इच्छा, स्मरण, हवामान अशा अनेक गोष्टी आड येत होत्या. मग एकाएकी असा जीव सापडला ज्याच्याबाबत शंकेला जागाच उरली नाही. १९७५ साली रिचर्ड ब्लेकमोर हा अमेरिकी संशोधक विद्यार्थी दलदलीतल्या चिखलातील जिवाणू सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होता. थेंबातले काही जिवाणू सतत एकाच कडेला जाऊन जमत. प्रकाशामुळे असेल म्हणून त्याने सूक्ष्मदर्शक फिरवला, झाकला, दुसऱ्या खोलीत नेला. जिवाणूंची दिशा बदलेना. शेवटी त्याने चुंबक जवळ आणला. पोहणारे जिवाणू तत्काळ वळले.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने पेशीतली रचना दाखवली : मण्यांच्या माळेसारखी लोहयुक्त कणांची रांग. १९७९ साली हे कण मॅग्नेटाइट या खनिजाचे असल्याचे सिद्ध झाले. मॅग्नेटाइट म्हणजे प्राचीन काळापासून माहीत असलेला नैसर्गिक लोहचुंबक. प्रत्येक कण मिलिमीटरच्या सुमारे वीस हजाराव्या भागाएवढा असतो. वीसेक कणांची माळ मिळून जे चुंबकत्व होते, त्यावरील पृथ्वीच्या क्षेत्राची ऊर्जा औष्णिक ऊर्जेच्या दहा पटींहून अधिक भरते. भौतिकशास्त्रज्ञांच्या आक्षेपाला हे पहिले उत्तर. एकटा इलेक्ट्रॉन जे करू शकत नाही, ते शिस्तीने रांगेत लावलेले स्फटिक करतात. ही सुई इतकी पुरेशी असते, की मेलेला जिवाणूही क्षेत्राच्या दिशेत वळतो. फक्त तो पोहत नाही.

पण जिवाणूला उत्तरेत काय काम? इथे झुकाव पुन्हा उपयोगी पडतो. या जिवाणूंना ऑक्सिजन कमी असलेली जागा लागते, आणि ती खाली, गाळात असते. इतक्या लहान जिवाला गुरुत्वाकर्षणावरून खाली-वर कळणे अवघड. उत्तर गोलार्धात चुंबकीय उत्तरेकडे पोहणे म्हणजेच खाली जाणे. हे स्पष्टीकरण खरे असेल तर दक्षिण गोलार्धातल्या अशा जिवाणूंनी दक्षिणेकडे पोहायला हवे. न्यूझीलंडमधील गाळ तपासला गेला, आणि १९८० साली तेथील जिवाणू दक्षिणेकडे पोहतात असे आढळले. ब्राझीलमध्ये चुंबकीय विषुववृत्ताजवळ दोन्ही प्रकार सापडले. आधी भाकीत आणि मग पडताळा, याचे इतके सुटसुटीत उदाहरण वर्गासाठी क्वचितच हाती लागते.

पुढे एक गोष्ट उघड झाली. इटलीतील पाव्हिया विद्यापीठात साल्वातोरे बेल्लिनी यांनी १९६३ सालीच असे जिवाणू पाहिले होते आणि ते आत चुंबकीय सुई बाळगत असावेत असा अंदाज लिहून ठेवला होता. परंतु त्यांचे टिपण शास्त्रीय नियतकालिकात आले नाही. ते इंग्रजीत सर्वांसमोर आले २००९ साली.

दुसरा प्रश्न : इंद्रिय कुठे आहे?

डोळ्याला प्रकाश यायला उघडी जागा लागते, कानाला आवाज यायला मार्ग लागतो. चुंबकीय क्षेत्र मात्र शरीरातून आरपार जाते. त्यामुळे त्याचे इंद्रिय शरीरात कुठेही, कितीही लहान आणि विखुरलेले असू शकते. शोधाची खरी अडचण ही आहे. आज मुख्यतः दोन विचार समोर आहेत.

पहिला विचार मॅग्नेटाइटचा. जिवाणूंत आहे तर प्राण्यांतही असेल. १९७० च्या दशकाच्या अखेरीस मधमाश्यांत आणि कबुतरांत चुंबकीय द्रव्य सापडले. नंतर कबुतराच्या चोचीच्या वरच्या भागात लोहयुक्त पेशी दिसल्या, आणि हेच ते इंद्रिय असे अनेक पुस्तकांत छापले गेले. २०१२ साली डेव्हिड कीज यांच्या गटाने कबुतरांच्या चोचींचे बारीक काप काढून पेशी मोजल्या. संख्या एका कबुतरापासून दुसऱ्यापर्यंत प्रचंड बदलत होती. त्या पेशी मज्जापेशी नव्हत्याच. जुन्या रक्तपेशींतील लोह साठवणाऱ्या आणि जंतूंचा फडशा पाडणाऱ्या त्या मॅक्रोफेज पेशी निघाल्या. म्हणून कबुतराच्या चोचीत होकायंत्र असल्याचे जुन्या पुस्तकात वाचले, तर ते विधान आता वर्गात सांगू नये.

दुसरा विचार प्रकाशाचा. १९७८ साली क्लाउस शुल्टेन यांनी सुचवले, की काही रासायनिक क्रियांत इलेक्ट्रॉनची जोडी क्षणभर विलग होते, आणि तिच्या फिरकीची परस्परजुळणी क्षीण चुंबकीय क्षेत्रानेही बदलते. त्यामुळे क्रियेतून काय निपजेल याचे प्रमाण बदलू शकते. इथे क्षेत्राला रेणू ढकलायचा नसतो. प्रकाशाने आधीच ऊर्जा पुरवलेली असते, क्षेत्र फक्त पारडे किंचित कलते करते. भौतिकशास्त्रज्ञांच्या आक्षेपाला हे दुसरे उत्तर. २००० साली शुल्टेन आणि थोर्स्टेन रिट्झ यांनी या क्रियेसाठी दृष्टिपटलातील क्रिप्टोक्रोम नावाचे प्रथिन सुचवले. पुरावेही हळूहळू जमले. रॉबिनला लाल प्रकाशात दिशा सापडत नाही, हे विल्टश्कोंनी १९९५ साली दाखवले होते. २००४ साली अतिशय क्षीण रेडिओ लहरींनीही रॉबिन गोंधळतात असे आढळले. मॅग्नेटाइटच्या सुईवर अशा लहरींचा परिणाम होण्याचे कारण नाही. इलेक्ट्रॉनच्या जोडीवर तो होऊ शकतो. २०२१ साली रॉबिनचे क्रिप्टोक्रोम ४ हे प्रथिन प्रयोगशाळेत तयार करून तपासले, तेव्हा ते चुंबकीय क्षेत्राला प्रतिसाद देते असे दिसले.

तरीही काम संपलेले नाही. परीक्षानळीतील प्रथिन आणि जिवंत पक्ष्याचा डोळा यांत मोठे अंतर आहे. त्या प्रयोगात वापरलेले क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्रापेक्षा बरेच मोठे होते. शिवाय फळमाशीला क्रिप्टोक्रोममुळे चुंबकीय क्षेत्र जाणवते, असे २००८ पासून मानले जात होते. २०२३ साली एका गटाने ९७,६५८ माश्यांची चाचणी घेतली आणि कोणताही परिणाम आढळला नाही. दुसरीकडे व्हिग्ये यांच्या आंतरकर्णालाही नवा वारसदार मिळाला आहे. तेथील द्रवात डोके हलताना सूक्ष्म विद्युतदाब निर्माण होऊन क्षेत्राची जाणीव होत असेल, असे कीज यांच्या गटाने २०१९ साली सुचवले.

एकाच प्राण्यात दोन इंद्रिये असण्याचीही शक्यता आहे. केनेथ लोमन यांनी फ्लोरिडातील लॉगरहेड कासवांच्या पिल्लांना पाण्याच्या टाकीत ठेवून, अटलांटिक महासागरातील दूरदूरच्या ठिकाणांची क्षेत्रे वेटोळ्यांनी निर्माण केली. त्या त्या ठिकाणी खऱ्या समुद्रात सुरक्षित प्रवाहात राहण्यासाठी जिकडे पोहायला हवे, तिकडेच पिल्ले पोहू लागली. हे २००१ सालचे. व्हिग्ये यांनी सुचवलेला 'नकाशा' तो हाच. २०२५ साली लोमन यांच्याच गटाने दाखवले, की रेडिओ लहरींनी कासवांचे होकायंत्र बिघडते, पण नकाशाची जाणीव शाबूत राहते. होकायंत्र एक आणि नकाशा दुसराच, अशी ही सूचना आहे.

अलिबागची वेधशाळा आणि ओल्डेनबर्गचे पक्षी

या इतिहासातला शेवटचा धडा आपल्या घराजवळून सुरू करता येतो. मुंबईत कुलाबा येथे १८४० च्या दशकापासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची नियमित नोंद होत असे. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरले. ट्रामच्या वीजप्रवाहाने नाजूक मापने बिघडतील हे ओळखून नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली नवी वेधशाळा अलिबागला उभारली गेली. तिच्या बांधकामात लोखंडासारखे चुंबकीय साहित्य टाळले होते. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्ही ठिकाणी नोंदी घेऊन त्या ताडून पाहिल्या, आणि मग कुलाब्याच्या चुंबकीय नोंदी थांबवल्या. त्यामुळे नोंदींची मालिका तुटली नाही.

उपकरणांना शहराचा जो त्रास झाला, तोच शंभर वर्षांनी पक्ष्यांना होताना दिसला. जर्मनीतील ओल्डेनबर्ग विद्यापीठात हेन्रिक मोरिट्सेन यांच्या रॉबिनना विद्यापीठाच्या आवारातील लाकडी खोल्यांत दिशाच सापडेना. खोल्यांना आतून ॲल्युमिनियमचे पत्रे लावून ते जमिनीशी जोडले, तेव्हा पक्षी ताळ्यावर आले. ही जोडणी काढली की पुन्हा गोंधळ. शहराबाहेर मोकळ्या जागी पत्र्यांशिवायही त्यांना दिशा सापडत होती. पत्रे पृथ्वीचे स्थिर क्षेत्र अडवत नाहीत. ते अडवत होते विजेच्या उपकरणांतून आणि मध्यम लहरींच्या रेडिओ प्रक्षेपणातून पसरणारा, सुमारे ५० किलोहर्ट्झ ते ५ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातला गोंगाट. सात वर्षे वेगवेगळ्या विद्यार्थ्यांनी, कोणत्या खोलीत काय चालू आहे हे माहीत नसताना, हे प्रयोग केले. मगच २०१४ साली ते प्रसिद्ध झाले.

या निष्कर्षाची मर्यादाही तितकीच जपून सांगितली पाहिजे. मोबाइल फोनच्या लहरींची वारंवारता या पट्ट्याच्या कितीतरी वर असते. मनोरे उभे राहिले म्हणून चिमण्या गेल्या, या लोकप्रिय विधानाला हा प्रयोग आधार देत नाही. तसेच माणसाला हे ज्ञान आहे का, या प्रश्नाचे. १९८० साली रॉबिन बेकर यांनी डोळे बांधून बसमधून दूर नेलेल्या विद्यार्थ्यांना घराची दिशा सांगता येते असे प्रसिद्ध केले. अमेरिकेत ते प्रयोग पुन्हा केले, तेव्हा तसे काही आढळले नाही. २०१९ साली क्षेत्र फिरवल्यावर काही माणसांच्या मेंदूलहरींत फरक पडतो असे निष्कर्ष आले आहेत. त्यावरून माणूस चुंबकीय दिशा ओळखतो, असे म्हणण्याची घाई करू नये.

या सगळ्या इतिहासात ज्यांनी कल्पना मांडली त्यांच्याइतकेच ज्यांनी ती मानायला नकार दिला त्यांचेही काम मोलाचे आहे. येगलींचा प्रयोग कोणी पुन्हा केला नसता, तर एक चुकीचा सिद्धान्त पाठ्यपुस्तकात बसला असता. चोचीतल्या पेशी कोणी पुन्हा मोजल्या नसत्या, तर तो अजून तिथेच असता. आणि रॉबिनवर कोणी शंका घेतली नसती, तर त्यांचे होकायंत्र आज इतक्या खात्रीने सांगता आले नसते. म्हणून आम्हांला वाटते, की विद्यार्थ्याने वाट कशी सापडते असे विचारले तर उत्तर दोन भागांत द्यावे. अनेक पक्ष्यांना, कासवांना आणि काही जिवाणूंना पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र जाणवते, हे पुन्हा पुन्हा पडताळलेले ज्ञान आहे. जिवाणूंना ते कसे जाणवते हे आपल्याला ठाऊक आहे. पक्ष्यांना कसे, हे अजून शोधले जात आहे, आणि आज सातवी-आठवीत बसलेल्या कोणाला तरी त्या शोधात वाटा घ्यायला अजून जागा आहे.